चाळीस थेंब

सर कुठल्याही दुकानात, हॉटेलात किंवा डेअरीत शिरले की आपल्याविरुद्ध तक्रार कुठे करायची, ते आधी सांगत.

ही थट्टा नव्हती. खिशातलं ओळखपत्र काढून मालकाच्या डोळ्यांसमोर धरायचे, त्याचं वाचून होईपर्यंत थांबायचे आणि मग म्हणायचे, "मी अन्न सुरक्षा अधिकारी. तुमचा माल बघायला आलोय. पन आधी कलम एकोनचाळीस ऐकून घ्या. मी तुमाला इनाकारन तरास दिला, कारन नसताना माल जप्त केला, तर मलाबी दंड हाय. तक्रार आमच्या सायबांकडं करायची. हा त्यांचा नंबर." आणि खरोखरच एका चिठ्ठीवर नंबर लिहून ती गल्ल्यावर ठेवायचे. समोरचा माणूस आधीच घाबरलेला; त्याला वाटायचं, ही काहीतरी नव्या पद्धतीची मागणी आहे. एका फरसाणवाल्याने चिठ्ठी उलटसुलट करून हळूच विचारलं होतं, "साहेब, हा फोन नंबर झाला. बाकीचं कसं?" सरांनी त्याला कलम पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवलं.

परीक्षा पास होऊन मी नगरच्या कार्यालयात रुजू झाले तेव्हा मला त्यांच्या हाताखाली दिलं. माझा प्रशिक्षणाचा काळ होता. कार्यालयातल्या बाकीच्यांनी पहिल्याच दिवशी माझी कीव केली. "उंटावरचा शहाणा आहे, सांभाळा," असं एकजण म्हणाला. सर तेव्हा निवृत्तीच्या जवळ आलेले, उंच, वाकलेले, पांढऱ्या शर्टाच्या खिशात तीन पेनं आणि कातडी पिशवीत लाखेची कांडी, दोरा, चिकट कागद आणि काड्यापेटी. सर जाऊन आता वर्ष होईल. त्यांच्या सेवापुस्तकात एक ठपका होता. बत्तीस वर्षांच्या नोकरीत एकच. त्या ठपक्यामुळे हातातोंडाशी आलेली बढती गेली आणि ज्या पदावर होते त्याच पदावरून ते घरी गेले. तो ठपका माझा होता. हे इथेच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं गोड आठवणींसारखं वाटत राहील.

सर जिल्ह्यात कुणाचंही काही खात नसत. सकाळी घरून निघताना दोन भाकरी, कांदा आणि ठेचा फडक्यात बांधून आणायचे, पाण्याची बाटली आणि बिनदुधाच्या चहाचा थर्मास. कुणाच्या लग्नाला गेले तर आहेर देऊन, अक्षता टाकून पंगतीआधी निघायचे. सख्ख्या पुतणीच्या लग्नातही मांडवाबाहेर गाडीत बसून त्यांनी भाकरी खाल्ली होती, कारण जेवणाचा ठेकेदार जिल्ह्यातला होता. भाऊ त्यावरून वर्षभर बोलला नाही. पण जिल्ह्याची हद्द ओलांडली की हाच माणूस बदलायचा. पुण्याला मीटिंगला जाताना घोडनदीचा पूल मागे पडला की ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगून ते दोन प्लेट भजी मागवायचे आणि वरून पेढेही घ्यायचे. तेलकट बोटं पुसत म्हणायचे, "हितं माझी सही चालत न्हाई. हितं मी मोकळा."

मी पहिल्या आठवड्यात माझा डबा त्यांच्यापुढे केला. घरचं होतं, मी केलेलं. त्यांनी हात जोडले.

"न्हाई मॅडम. ज्याचं खाल्लं त्याच्यावर केस करता येत न्हाई."

"सर, माझ्यावर कसली केस करणार?"

"काय सांगावं," ते म्हणाले, "उद्या तुमीबी चुकाल."

मी हसले होते.

कायदा त्यांनी मला पुस्तकातून शिकवला नाही. राहुरीकडे जाताना गाडीच्या धुळीने भरलेल्या काचेवर बोटाने शिडी काढली. "ही वरली पायरी दिल्ली. तिथं प्राधिकरन हाय, ते नियम करतं. त्याच्याखाली मुंबई. तिथं आयुक्त, ते राज्यात कायदा राबवतात. मंग आपले सायब. परवाना देनं, केसला मंजुरी देनं त्यांच्याकडं. आनि ही खालची पायरी. आता सांगा, दूध कोन बघतं? दिल्ली बघती का? मुंबई बघती? बाटली कुनाच्या हातात असती?"

"आपल्या."

"म्हंजे जबाबदार कोन?"

"आपण, सर."

"चूक. आपन म्हंजे कुनीच न्हाई. जबाबदार एकच असतो. ज्याची सही, तो." आणि खालच्या पायरीवर त्यांनी बोटाने ठिपका काढला. मला तेव्हा हे सगळं जरा नाटकी वाटलं. शिडी परतीला नगर येईपर्यंत काचेवर तशीच होती.

जबाबदार कोण, हा प्रश्न ते कशावरही विचारत. शिपायाच्या हातून कप फुटला, "जबाबदार कोन?" पंखा बंद पडला, "जबाबदार कोन?" साहेबांच्या केबिनमध्येही विचारायचे. साहेब म्हणजे आमचे सहायक आयुक्त, भला माणूस, पण सरांना पाहिलं की त्यांच्या नाकी नऊ यायचे. कारण सरांच्या चिठ्ठ्यांवर नंबर त्यांचा असायचा.

त्या चिठ्ठ्यांवरून आजवर एकच फोन आला, असं साहेब सांगायचे. तो भिंगारच्या एका बेकरीवाल्या चाचांचा. सरांनी त्यांच्याकडे पाकिटांवर तारीख नसलेले टोस्ट पकडले होते आणि सुधारणा नोटीस दिली होती. पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो तेव्हा चाचांनी छापून घेतलेल्या लेबलांत दोन चुका होत्या. सर तिथेच पिठाच्या पोत्यावर बसले आणि स्वतःच्या हाताने लेबलाचा नमुना काढून दिला, घटक, वजन, तारीख, पत्ता, सगळं. भट्टीतून खारीचा वास येत होता. चाचांनी चहा मागवला, सरांनी थर्मास काढला. दुसऱ्या दिवशी चाचांनी साहेबांना फोन लावला. "तक्रार करायचीय. तुमचा माणूस माझ्या दुकानात बसून स्वतःचा चहा पितो. माझी बेइज्जती होते." साहेबांनी सरांना बोलावून ही तक्रार वाचून दाखवली. सरांनी तिची रीतसर नोंद करायला लावली आणि लेखी उत्तर दिलं. चाचांनी ते उत्तर काचेखाली लावलंय, अजून आहे. मी गेले की दाखवतात. "तीस वर्षं झाली मॅडम, किती साहेब बघितले. माझ्यावर तक्रार कर म्हणणारा हा एकच."

आता दुधाकडे येते.

देवळाली प्रवरा हे सरांचं गाव. तिथून सात-आठ किलोमीटरवरच्या एका खेड्यात दूध संकलन केंद्र होतं. चालवणाऱ्याला सगळे आबा म्हणत. सकाळ-संध्याकाळ गावचं दूध तिथे जमायचं, मोठ्या कूलरमध्ये गार व्हायचं आणि टँकरने शहरात जायचं. त्या केंद्रातून जमतं त्यापेक्षा जास्त दूध बाहेर पडतं, अशी कुजबुज होती. पावडर आणि तेल कालवून वाढवलेलं दूध. फॅट बसते, घनतेची डिग्री बसते, यंत्राला कळत नाही. ही कुजबुज आमच्यापर्यंत आणली ती कौसाबाईंनी. दोन म्हशींच्या या बाई एका बाजारच्या दिवशी सरांच्या गावच्या घरी जाऊन ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "माझं दूध मी लेकराला पाजते तसलंच घालते. पन ह्याच्या टाकीत गेलं की कुनाचं ऱ्हातं ते? उद्या कुनाचं पोरगं आजारी पडलं तर माझ्याबी म्हशीचं नाव यायचं."

दुधाचा नमुना घ्यायची आमची एक रीत आहे. दूध ढवळून चार बाटल्यांत सारखं भरायचं. दूध टिकत नाही, म्हणून प्रत्येक बाटलीत फॉर्मॅलिनचे चाळीस थेंब टाकायचे. मग बूच, कागद, दोरा, लाख, सह्या. एक बाटली प्रयोगशाळेला, बाकीच्या साहेबांच्या ताब्यात. फॉर्मॅलिन घातलं नाही तर दूध वाटेत फाटतं आणि फाटलेल्या दुधावर केस उभी राहत नाही. सरांची या रीतीत स्वतःची एक भर होती. थेंब मोठ्याने मोजायचे. एक, दोन, तीन, असे चाळीसपर्यंत, चार वेळा. "पंचांना ऐकू गेलं पायजे, मालकाला ऐकू गेलं पायजे, आनि मला ऐकू आलं पायजे," ते म्हणायचे. कायद्यात मोजणी मोठ्याने करा असं कुठेही लिहिलेलं नाही.

तो उन्हाळ्यातला शनिवार होता. सकाळचं संकलन चालू होतं, कॅन घेऊन माणसं रांगेत उभी. सरांनी कलम एकोणचाळीस वाचलं, चिठ्ठी ठेवली, कूलरचं झाकण उघडायला लावलं. आबा सुरुवातीला गोड बोलत होता. बाटल्या बाहेर निघाल्या तसा त्याचा आवाज चढला. "आमच्या गावात येऊन आमालाच चोर ठरवता व्हय?" रांगेतली माणसं जवळ सरकली. आम्ही रस्त्यावरून बोलावून आणलेले दोन पंच ते पाहून काढता पाय घ्यायला लागले. "मॅडम, त्यांना थांबवा," सर ओरडले. त्या दिवशी थेंब टाकायचं काम माझ्याकडे होतं; मी फॉर्मॅलिनची नवीकोरी बाटली नुकती पिशवीतून काढून टेबलावर ठेवली होती. ती तशीच ठेवून मी पळाले. दोघांना अक्षरशः हाताला धरून परत आणलं. आले तोवर सरांनी चारही बाटल्या भरल्या होत्या आणि आबाने स्वतःचा मोबाईल त्यांच्या कानाला लावला होता. वरून कुणाचा तरी फोन होता. सर दारात उभे राहून फोनवरच्या माणसालाही कलमं सांगत होते. मी लेबलं लिहायला बसले.

"थेंब?" दारातूनच सरांनी विचारलं.

"झाले," मी म्हणाले.

मला तसं वाटलं होतं, असंही नाही. त्या गोंधळात तोंडातून शब्द गेला, एवढंच. मग बुचं बसली, लाख वितळली, सह्या झाल्या. परत येताना सर गाडीत खूश होते. मांडीवर बोटांनी ठेका धरला होता.

नमुने कार्यालयाच्या कपाटात कुलपात गेले आणि नमुन्याच्या सामानाची पिशवी माझ्याबरोबर सावेडीच्या खोलीवर आली. सहा-साडेसहाला ती आवरायला घेतली. फॉर्मॅलिनची बाटली हाताला लागली. तिच्या झाकणाचं सील शाबूत होतं.

माझी पाचावर धारण बसली. मी मोबाईल हातात घेतला, सरांचा नंबर काढला आणि पलंगावर बसून राहिले. तेव्हाच सांगितलं असतं तर रविवारी सकाळी सर परत जाऊन नवा नमुना घेऊ शकले असते, आबाला काही कळायच्या आत. हे मला त्या क्षणीही माहीत होतं. पण माझा प्रशिक्षणाचा काळ होता, कायम व्हायचं होतं, घरी वडील अंथरुणाला होते, आणि खरं कारण सांगायचं तर मला लाज वाटली. सकाळी मी 'झाले' म्हणाले होते. मी स्वतःची समजूत घातली की दूध कूलरमधलं गार होतं, टिकेल. रविवार गेला. सोमवारी पार्सल गेलं.

अहवाल आला: नमुना फाटलेला, पृथक्करणास अयोग्य. साहेबांनी दुसरी बाटली पाठवली. तीही तशीच.

सरांनी मला बोलावलं. अहवाल माझ्यापुढे सरकवला.

"थेंब टाकले हुते?"

"नाही सर. विसरले."

त्यांनी अहवालावरच्या तारखेवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "कधी कळलं?"

"आत्ता," मी म्हणाले. "अहवाल आल्यावर."

त्यांनी मान हलवली. मी म्हटलं, मी लिहून देते, चूक माझी आहे. त्यांनी नमुन्याचा फॉर्म उघडला. "ह्याच्यात तुमच्या नावाचा रकाना हाय का? न्हाई. मोजनी मला ऐकू आली न्हाई. न ऐकता मी सही केली. बत्तीस वर्सांत पयल्यांदा न ऐकता सही केली." त्यांनी माझ्यासमोरच आपला खुलासा लिहिला, चार ओळींचा. त्यात मी नव्हते. मी तिथे उभी होते आणि मला सुटल्यासारखं वाटलं. आज लिहितानाही ते खोडून टाकावंसं वाटतं, पण वाटलं होतं.

ठपका आला. त्या वर्षीच्या बढतीच्या यादीतून नाव गेलं. आठवड्याभराने आबा कार्यालयात आला, हातात पेढ्यांचा खोका. सरांच्या टेबलावर ठेवून म्हणाला, "गोड घ्या सायेब. आमच्याच दुधाचे हायेत."

सरांनी पिशवीतून पावतीपुस्तक काढलं. "नमुना म्हनून देताय का? घेतो. पावती करू?"

आबाने खोका उचलला आणि गेला. कार्यालयात सगळे हसले, मीसुद्धा. सर हसले नाहीत.

त्यांच्या निरोपाच्या दिवशी साहेबांनी चांगलं भाषण केलं. समोसे आणि पेढे होते. सरांनी हार घेतला, नारळ घेतला, समोसा घेतला नाही. "सर, आता तरी," मी म्हणाले. "पाच वाजल्यापासून तुम्ही मोकळे."

"सही गेली मॅडम," ते म्हणाले. "केस ऱ्हायलीय."

आम्हाला वाटलं, बोलण्याची पद्धत. पण गावी गेल्यावर त्यांनी एक जुनी लूना दुरुस्त करून घेतली आणि रोज सकाळी त्या संकलन केंद्रावर जाऊन अर्धा लिटर दूध विकत घ्यायला सुरुवात केली. घरी दारात म्हैस असताना. केंद्रावर सुटं दूध गावच्या लोकांना मिळायचं, त्यामुळे आबाला नाही म्हणता येईना. दूध घेऊन ते तिथेच, कूलरच्या दाराशी, रांगेतल्या माणसांशी बोलत तासभर उभे राहत. उन्हात, थंडीत, रोज. ते उभे असले की तेवढा वेळ आबाच्या माणसांना पावडरीची पोती आतल्या खोलीतून बाहेर काढता येईनात; कालवाकालव रात्रीवर गेली. गावातली पोरं त्यांना 'रिटायर कॅमेरा' म्हणायची. माझ्या कानावर हे यायचं आणि मी विषय बदलायचे.

कायद्यात एक तरतूद आहे, फारसं कुणी वापरत नाही. कलम चाळीस. कुठलाही ग्राहक विकत घेतलेला पदार्थ फी भरून तपासून घेऊ शकतो, फक्त घेताना विकणाऱ्याला तसं सांगायचं. एका सकाळी सरांनी दूध घेतलं आणि आबाला सांगितलं, "हे मी तपासायला पाठवनार हाय." आबा म्हणाला, "पाठवा की. फाटंल पुन्यांदा." पण या वेळी थेंब सरांनी स्वतः मोजून घातले होते, ते फाटलं नाही. अहवाल साहेबांच्या टेबलावर आला. कमी दर्जाचं दूध, परकी चरबी, पावडर. साहेबांनी मला बोलावलं. "आता रीतसर नमुना तुम्ही घ्या. जमेल ना?"

मी गेले तेव्हा सर रांगेत उभे होते, हातात किटली. आमची नजरानजर झाली, त्यांनी ओळख दाखवली नाही. मी ओळखपत्र काढलं आणि कलम एकोणचाळीस वाचलं. पंच व्हायला कुणी तयार होईना. सगळ्यांचं दूध तिथेच जायचं. कौसाबाई पुढे आल्या. म्हणाल्या, "मला सही येत न्हाई, आंगठा चालंल का?" दुसरे पंच सर झाले.

मी फॉर्मॅलिनची बाटली उघडली. सील तुटल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू जाईल अशी उघडली. एक, दोन, तीन. रांग शांत झाली. दुसऱ्या बाटलीला कौसाबाई माझ्याबरोबर मोजायला लागल्या, तिसऱ्याला आणखी दोघंतिघं. सर डोळे मिटून उभे होते. चौथ्या बाटलीच्या चाळीसला त्यांनी डोळे उघडले आणि पेन काढलं. पंचनाम्यात पंचाचं नाव, वय, पत्ता, व्यवसाय लिहायचा असतो. व्यवसायासमोर मी 'सेवानिवृत्त अधिकारी' लिहायला घेतलं तर त्यांनी कागद ओढून घेतला आणि स्वतः लिहिलं: गिऱ्हाईक.

सुनावणी नाशिकला झाली. निकाल महिन्याभराने आला, आबाला दंड झाला आणि केंद्राचा परवाना गेला. तेही इथेच सांगून टाकते, कारण मला जे सांगायचंय ते त्याच्या आधीचं आहे.

आबाचा वकील हुशार होता. त्याने सरांना उभं केलं आणि जुना ठपका वाचून दाखवला. मग माझ्याकडे वळला. "मॅडम, हा साक्षीदार निष्काळजी अधिकारी होता, असं तुमचंच खातं म्हणतं. एकदा नमुना नासवला, बढती गेली, त्याचा राग माझ्या अशिलावर काढला. हा निष्काळजी होता की नाही? हो किंवा नाही सांगा."

सर समोरच्या बाकावर बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून. मला वाटतं, मी 'माहीत नाही' म्हटलं असतं तरी त्यांनी मान हलवली असती.

"नाही," मी म्हणाले. "तो नमुना मी नासवला. फॉर्मॅलिन टाकायचं माझं काम होतं, मी विसरले आणि झाले म्हणून सांगितलं. आणि मला ते अहवाल आल्यावर कळलं नाही. त्याच शनिवारी संध्याकाळी कळलं होतं. मी गप्प बसले. त्यांच्यापाशीही खोटं बोलले."

सुनावणी घेणाऱ्या न्यायनिर्णय अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. हे लेखी द्याल का, असं विचारलं. मी दिलं, तारीख घालून. पुढे मला व्हायची ती शिक्षा झाली, ती योग्यच होती. लिहिताना मी सरांकडे बघू शकले नाही.

बाहेर आलो तेव्हा दोन वाजले होते. जिल्ह्याबाहेर होतो, भजी मिळत होती, मिसळ मिळत होती. "सर, जेवूया?" मी विचारलं. "भूक न्हाई," ते म्हणाले. नगरची गाडी मिळाली. ते खिडकीशी बसले. सिन्नर मागे पडलं. मग खिडकीबाहेर बघतच म्हणाले,

"शनिवारी किती वाजता कळलं?"

"सहा-साडेसहा."

"रविवारी दिवसभर मी घरीच हुतो," ते म्हणाले.

एवढंच. मला रडू आवरेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. जिल्ह्याच्या हद्दीचा फलक आला तेव्हा मात्र ते जरा सरसावून बसले, वाचला आणि मागे जाईपर्यंत मान वळवून बघत राहिले.

संगमनेरच्या स्टँडवर गाडी थांबली. कंडक्टर पंधरा मिनिटं म्हणून उतरला. खिडकीखाली भेळवाले, पाण्याच्या बाटल्या, पेरूच्या पाट्या. सरांनी पायाशी ठेवलेली पिशवी उचलली. मला वाटलं भाकरी काढतात. पिशवीचं तोंड उघडलं, पुन्हा बांधलं आणि ती खाली ठेवून दिली.

"डब्यात काय हाय गं?" त्यांनी विचारलं.

इतक्या वर्षांत ते मला कधी अगं-तुगं बोलले नव्हते. मी डबा काढला. सकाळी पाचला केलेल्या चपात्या, शेपूची भाजी, लसणाची चटणी. मांडीवर ठेवला, झाकण उघडलं, पण पुढे करायचा धीर होईना. त्यांचं वय झालं होतं, दिवस लांबला होता. मला वाटलं, कुठे आहोत ते त्यांच्या लक्षात आलं नसेल.

"सर," मी म्हणाले, "हद्दीत आलोय आपण. हे संगमनेर आहे."

"म्हाईत हाय," ते म्हणाले आणि त्यांनी चपातीचा तुकडा मोडला.